ढेकर काय सांगतो: पित्त आणि अपचनावर आयुर्वेदाच्या वाटेने पहिली पावलं

काही वर्षांपूर्वी एका रात्री छातीत जळजळ सुरू झाली म्हणून मी आल्याचा रस, लिंबू आणि सैंधव यांचं चाटण घेतलं. अपचनावर ते उत्तम, हे लहानपणापासून ऐकलेलं. अर्ध्या तासात जळजळ घशाशी आली आणि उरलेली रात्र भिंतीला टेकून बसून काढली. चाटणात खोट काहीच नव्हती. जेवणानंतर पोट दगडासारखं जड झालं असतं तर त्याच चाटणाने बरं वाटलं असतं. माझ्या पोटात तेव्हा आग होती आणि मी तिच्यावर तिखट-आंबट ओतलं.

नव्याने आयुर्वेदाकडे वळणारे बहुतेक जण इथेच चुकतात. 'पचनाचा त्रास' असं एकच गाठोडं बांधतात आणि मिळेल तो उपाय त्यावर करतात. आयुर्वेदात अजीर्णाचे प्रकार वेगळे, अम्लपित्त त्याहून वेगळं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधू शकतं. म्हणून या लेखात उपायांच्या आधी ओळख येते. मी वैद्य नाही. पित्ताशी बरीच वर्षं झटलेला आणि त्या निमित्ताने वैद्यांकडून, ग्रंथांतून थोडंफार शिकलेला माणूस आहे, एवढं धरून पुढे वाचा.

सगळ्याच्या आधी: घरगुती उपाय कधी करायचे नाहीत

छातीत दुखतंय किंवा दाब आल्यासारखं वाटतंय, सोबत घाम, धाप, किंवा दुखणं हात, जबडा, पाठ यांकडे सरकतंय, तर ते पित्त समजून धण्याचं पाणी पीत बसू नका. हृदयविकाराचा झटका कित्येकदा 'ॲसिडिटी'च्याच वेषात येतो, विशेषतः मधुमेही आणि वयस्क माणसांत. सरळ रुग्णालय गाठा.

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही पडणं, डांबरासारखी काळी शौचाला होणं, घास गिळताना अडकणं, काही न करता वजन उतरणं, सतत उलट्या, रक्त कमी झाल्याचं निदान, यातलं काहीही असेल तरी आधी डॉक्टर. पन्नाशी-पंचावन्नीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला असेल तर एकदा तपासणी करून घ्यावीच. जठरातल्या जखमांचं एक मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आहे. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण वेदनाशामक गोळ्या. गुडघेदुखीसाठी रोज गोळी चालू असेल आणि पोटात आग पडत असेल, तर आवळा खाण्याआधी त्या गोळीबद्दल विचारायला हवं.

पहिली पायरी: आठ दिवसांची वही

औषध काहीच नाही, फक्त टिपण. काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं आणि त्रास कधी झाला हे जास्त महत्त्वाचं. रोज चार गोष्टी लिहा: जेवणाची वेळ, पुढच्या जेवणाआधी खरोखर भूक लागली होती का, त्रास किती वाजता आणि कसा झाला, सकाळी पोट साफ झालं का. झोप आणि चिडचिड यांची एक ओळ जोडलीत तर आणखी बरं.

वेळेला एवढं महत्त्व का, ते चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या मूळ ग्रंथातल्या ग्रहणी अध्यायात सापडतं. खाल्लेलं अन्न तीन अवस्थांतून जातं असं तिथे म्हटलं आहे. सुरुवातीला ते गोडसर, फेसाळ असतं. ही कफाची वेळ. मग ते अर्धवट पिकतं, आंबट होतं, आमाशयातून, म्हणजे जठरातून, खाली सरकताना पातळ पित्त सुटतं. शेवटी पाणी शोषलं जाऊन घट्ट गोळा होतो, तिथे वायू. याला अवस्थापाक म्हणतात. जेवल्याजेवल्या जडपणा आणि तोंडाला पाणी सुटत असेल तर बिघाड पहिल्या टप्प्यात, दोन-तीन तासांनी जळजळ होत असेल तर मधल्या, आणि त्याहून उशिरा गुबारा धरत असेल तर शेवटच्या. हा ठोकताळा आहे, पण नवख्याला दिशा दाखवायला पुरतो.

माझ्या वहीत पाचव्या दिवशी एक गोष्ट दिसली, जी मला इतकी वर्षं दिसली नव्हती. जळजळ जेवणानंतर होतच नव्हती. ती दुपारी चारच्या सुमारास, रिकाम्या पोटी चहा घेतल्यावर पाऊण तासाने होत होती. मी मात्र दोष देत होतो जेवणातल्या आमटीला.

दुसरी पायरी: ढेकर ओळखा

माधवनिदान हा रोगनिदानाचा जुना, साधारण सातव्या-आठव्या शतकातला ग्रंथ. अजीर्णाचे प्रकार सांगताना त्याने ढेकराला चांगलं कामाला लावलं आहे. प्रकार असे:

आमाजीर्ण. ढेकराला खाल्लेल्या पदार्थाचाच वास येतो, जेवण होऊन तीन तास झाले तरी. अंग जड, मळमळ, गाल आणि डोळ्यांभोवती किंचित सूज. अन्न जसं गेलं तसंच पडून आहे.

विदग्धाजीर्ण. ढेकर करपट आणि आंबट. मूळ शब्द 'सधूमाम्ल', म्हणजे धुरकट-आंबट. आपण करपट ढेकर म्हणतो तो हाच. सोबत तहान, चक्कर, घाम, जळजळ. 'विदग्ध' म्हणजे अर्धं शिजलेलं, अर्धं जळालेलं. मोठ्या आचेवर ठेवलेला भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो, तसं.

विष्टब्धाजीर्ण. ढेकर येतच नाही, किंवा आला तर सुटका झाल्यासारखं वाटतं. पोट डब्ब, कळ, वारा सरत नाही, शौचाला होत नाही.

रसशेषाजीर्ण. ढेकर शुद्ध आहे, पण जेवणावर वासना नाही, छाती भरल्यासारखी, अंगात जडपणा. अन्न पचलं, त्याचा रस अजून पचायचा आहे.

अम्लपित्त हा या कुळातला पण स्वतंत्र आजार. काश्यपसंहिता आणि माधवनिदान यांत त्याचं वेगळं वर्णन आहे: अन्न न पचणं, न केल्या कामाचा थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, छातीत-घशात जळजळ, तोंडाला चव नसणं. वर येणारं ते ऊर्ध्वग, खाली जाणारं ते अधोग. यादीत पहिलं लक्षण 'न पचणं' हे आहे, जळजळ नंतर येते. म्हणजे आग भडकली आहे असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा मुळाशी मंद झालेला अग्नी आणि त्यावर आंबलेलं अन्न असतं. नुसतं थंड-थंड करत राहिलं तर जळजळ तेवढ्यापुरती शमते आणि भूक आणखी मरते. थंड दुधाच्या पेल्याने बरं वाटतं आणि दोन तासांनी पुन्हा तेच, हा अनुभव यातलाच.

तुमच्या आठ दिवसांच्या वहीत यातला कोणता ढेकर जास्त दिसतो, तेवढं ठरवा. मिश्र असेल तर ज्याचा त्रास जास्त, तिथून सुरुवात.

तिसरी पायरी: आधी काढायचं, मग घालायचं

सुश्रुतांचं एक छोटं वाक्य आहे, 'संक्षेपतः क्रियायोगो निदानपरिवर्जनम्'. चिकित्सा थोडक्यात सांगायची तर कारण सोडणं. ऐकायला साधं, करायला सगळ्यांत अवघड, आणि माझ्या अनुभवात साठ-सत्तर टक्के काम इथेच होतं (टक्के माझे, ग्रंथाचे नाहीत).

सगळ्यांत मोठं कारण अध्यशन. आधीचं पचलं नसताना वर खाणं. दहाला नाश्ता, साडेअकराला चहा-बिस्किट, एकला जेवण, तीनला कुणाच्या वाढदिवसाचा केक. अर्धवट शिजलेल्या डाळीत मूठभर कच्ची डाळ टाकत राहिल्यासारखं आहे हे. पातेलं कधीच उतरवता येत नाही. दोन खाण्यांत निदान तीन-चार तास मोकळे राहतील असं बघा. पंधरा दिवस फक्त एवढंच केलं तरी फरक कळतो.

पण उलट टोकही आहे. भूक लागली असताना तासन्‌तास काहीच न खाणं पित्ताच्या माणसाला मानवत नाही. 'लंघन' हा शब्द ऐकून काही जण कडक उपास धरतात. चरकांनी लंघनाचे दहा प्रकार दिले आहेत. त्यांत उपवास आहे तसे पाचन, व्यायाम, वारा-ऊन घेणं हेही आहेत. जळजळ हा मुख्य त्रास असेल तर पोट लांबच लांब रिकामं ठेवू नका. आणि उपासाच्या नावाखाली तळणीचा फराळ करणार असाल तर त्याला लंघन म्हणू नका.

बाकीची यादी तुम्हाला माहीत आहेच, म्हणून भरभर: आंबवलेलं आणि शिळं, फार तिखट-खारट, तळलेलं, रिकाम्या पोटी चहा-कॉफी, तंबाखू, दारू, रात्रीचं दही, जागरण. सगळं एकदम सोडायला जाऊ नका, चार दिवसांत सगळंच परत येतं. वहीत जे तीनदा दिसलं ते आधी काढा.

एक कारण वहीत येत नाही. चरक आपल्या ग्रंथाच्या 'विमानस्थान' या भागात म्हणतात की मापात खाल्लेलं पथ्याचं अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध, अवघडलेली झोप आणि जागरण यांमुळे पचत नाही. ऑफिसचा मेल वाचत गिळलेला मऊ भातही बाधतो तो असा.

चौथी पायरी: जेवायचं कसं

चरकांनी जेवणाचे नियम दिले आहेत: गरम, थोडं स्निग्ध, मापात, आधीचं पचल्यावर, फार भराभर नाही, फार रेंगाळत नाही, न बोलता-हसता, मन लावून. यातला 'जीर्णे', म्हणजे आधीचं पचल्यावर, हा नियम मुळाशी आहे. आधीचं पचलं हे ओळखायचं कसं, त्याच्याही खुणा दिल्या आहेत: शुद्ध ढेकर, उत्साह, मल-मूत्राचे वेग नीट येणं, अंग हलकं, भूक आणि तहान. घड्याळात एक वाजला ही खूण त्यात नाही.

मापाचा हिशेब अष्टांगहृदय या जुन्या ग्रंथात सोपा आहे. पोटाचे चार भाग कल्पा. दोन घन अन्नाचे, एक पातळ पदार्थांचा, चौथा वायूसाठी मोकळा. व्यवहारात याचा अर्थ, तडस लागायच्या बऱ्याच आधी, 'अजून एक पोळी सहज जाईल' असं वाटत असताना हात धुवायला उठणं. पहिले चार दिवस चुकल्यासारखं वाटतं.

पाण्याबद्दल घरोघर वाद आहेत. त्याच ग्रंथात म्हटलं आहे की जेवणाच्या मध्ये पाणी पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो, आधी पिणारा कृश होतो. तेव्हा घोटघोट, जेवताना मधेमधे, कोमट किंवा साधं. जेवण संपल्यावर तांब्याभर गटागट नको, फ्रिजमधलं तर नकोच.

दुपारचं जेवण मोठं, रात्रीचं लहान. मध्यान्ह हा पित्ताचा काळ, अग्नी तेव्हा जोरात असतो. रात्रीचं जेवण आणि अंथरूण यांत तीन तास ठेवा. जेवल्यावर शतपावली, म्हणजे खरोखर शंभरेक पावलं. पळत सुटायचं नाही. झोपताना डाव्या कुशीवर. घशाशी येण्याचा त्रास असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. मी हे दोन महिने चुकीचं करत होतो.

दुपारच्या झोपेचा मोह सगळ्यांना. भरल्या पोटी आडवं होणं टाळाच. बसल्याबसल्या डुलकी चालते. गंमत अशी की रसशेष अजीर्णात दिवसा, काही न खाता, झोपायलाच सांगितलं आहे. आळशाला शास्त्राधार हवा असेल तर तेवढाच आहे.

पाचवी पायरी, जळजळवाल्यांसाठी

करपट-आंबट ढेकर, तहान, घशाशी येणं. इथे चव कडू, तुरट, गोड हवी आणि गुण थंड हवा.

धण्याचा हिम हा माझा सगळ्यांत भरवशाचा. शार्ङ्गधरसंहितेत हिमाची रीत आहे: द्रव्य एक भाग, पाणी सहा भाग, रात्रभर भिजत. चार चहाचे चमचे धणे, साधारण 8-10 ग्रॅम, खलबत्त्यात फक्त फुटतील इतपत कुटा. पीठ करू नका, गाळताना चिकट गाळ होतो. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घालून साधारण 60 मिलिलिटर पाणी ओता आणि झाकून ठेवा. उकळायचं नाही. सकाळी धणे फुगलेले असतात आणि पाणी फिक्या सोनेरी रंगाचं. हाताने थोडं कुस्करून फडक्यातून पिळून घ्या. धणे पाणी पितात, त्यामुळे ओतलं त्याहून कमीच हाती लागतं. चिमूटभर खडीसाखर घालून रिकाम्या पोटी घोटघोट. मधुमेह असेल तर साखरेविना. आंतरिक दाह आणि तहान यांवर ग्रंथात हाच सांगितला आहे. दहा-पंधरा दिवस घेऊन बघा.

दहा-बारा काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी चावून खाणं आणि ते पाणी पिणं हा त्याहून सोपा उपाय. पोट साफ होत नसणाऱ्यांना अधिक उपयोगी.

आवळ्याबद्दल नवखे बुचकळ्यात पडतात. आंबट पदार्थ पित्त वाढवतात म्हणता आणि आवळा खायला सांगता? आंबट बहुधा पित्त वाढवतं, डाळिंब आणि आवळा सोडून, असा स्पष्ट अपवाद अष्टांगहृदयात आहे. आवळा जिभेवर आंबट, पण वीर्य शीत, म्हणजे शरीरातला परिणाम थंड, आणि पचल्यावर मधुर. चूर्ण अर्धा-एक चमचा, पाण्यातून, जेवणाआधी. मुरांबा चालतो, पण तो साखरेचा डोंगर आहे हे विसरू नका. लोणचं मात्र औषध नव्हे.

तूप घाबरून सोडू नका. दोन घासांना पुरेल एवढं साजूक तूप पित्त शमवतं आणि अग्नीही राखतं, असा दुहेरी गुण फार थोड्या पदार्थांत आहे. जेवणात जुना तांदूळ, मूग, ज्वारी, साळीच्या लाह्या, दुधी, पडवळ, कोहळा. त्रास जोरात असेल त्या दिवशी भाताची पातळ पेज आणि तूप, एवढंच.

ताकाचं नीट ऐका. ताक पचनाला अमृत, हे खरं. पण सुश्रुतांनी दाह, चक्कर, मूर्च्छा, रक्तपित्त (शरीरातून रक्त जाण्याचा विकार) आणि उन्हाळा यांत ते देऊ नये असं सांगून ठेवलं आहे. जळजळ चालू असताना आंबट ताक टाळा. ताजं, गोडसर, लोणी काढलेलं ताक जिरेपूड घालून दुपारी घ्या, आणि वहीत बघा की तुम्हाला मानवतं का.

जडपणा आणि गुबारा असणाऱ्यांसाठी

इथे उलटी दिशा. आमाजीर्णात पहिलं औषध न खाणं: पुढचं जेवण सोडा, भूक कडकडून लागेपर्यंत फक्त सुंठ घालून उकळलेलं कोमट पाणी. भूक आली की पेजेपासून सुरुवात, मग मऊ भात, मग मुगाचं कढण, मग नेहमीचं. पंचकर्मानंतर जो संसर्जन क्रम देतात त्याचीच ही घरगुती सावली आहे.

रोजची भूक मंद असेल तर जेवणाआधी आल्याचा नखाएवढा काप आणि सैंधवाचे दोन कण. भावप्रकाशात हे सांगितलं आहे. पोट डब्ब होत असेल तर ओवा, हिंग, जिरं, पोटावर गरम कपड्याचा शेक. विष्टब्धाला शेक सांगितलाच आहे, आणि तो लगेच लागू पडतो.

बडीशेपेविषयी एक बारीक गोष्ट. शार्ङ्गधरांनी 'दीपन' आणि 'पाचन' वेगळे केले आहेत. दीपन अग्नी चेतवतं पण साठलेला आम, म्हणजे न पचता पडून राहिलेलं, पचवत नाही, आणि त्याला उदाहरण दिलंय ते बडीशेपेचं. पाचन आम पचवतं पण अग्नी वाढवत नाही, उदाहरण नागकेशर. चित्रक ही वनस्पती दोन्ही करते. म्हणजे लग्नाचं जेवण अंगावर आल्यावर मूठभर बडीशेप चघळून फारसं काही होत नाही, ते का, हे इथे कळतं.

'पित्त पाडणं' याविषयी

सकाळी दात घासताना घशात बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पिऊन उलटी काढायची आणि पिवळं पाणी पडलं की मोकळं वाटतं म्हणायचं. कित्येक घरांत हे वर्षानुवर्षं चालतं आणि त्याला आयुर्वेदाचं नाव दिलं जातं. विदग्धाजीर्णात वमन, म्हणजे औषधाने उलटी करवणं, सांगितलं आहे हे खरं. पण शास्त्रातलं वमन म्हणजे आधी स्नेहन-स्वेदन (तेल-तूप देणं आणि घाम काढणं), रुग्णाचं बळ पाहणं, ठरावीक औषध, वैद्यांची देखरेख आणि नंतर संसर्जन क्रम. ते रोज सकाळी बेसिनवर करायचं काम नाही. रोजच्या उलटीने अन्ननलिका सोलवटते, दातांचं कवच झिजतं, जोरात ओकारी काढताना अन्ननलिकेच्या तळाला चीर पडून रक्तही येऊ शकतं. सवय असेल तर ती तोडणं हाच तुमचा पहिला उपाय.

खाण्याच्या सोड्याचंही असंच. जळजळ क्षणात थांबते, पण पोटात वायू होतो आणि शरीरात सोडियम जातं. रक्तदाबाच्या माणसाने तर लांबच राहावं.

तयार चूर्णं: डबीवरचं वाचा

अविपत्तिकर चूर्ण पित्तासाठी सगळ्यांच्या तोंडी. भैषज्यरत्नावली या ग्रंथातल्या कृतीत सुमारे निम्मी साखर आणि एक तृतीयांश निशोत्तर आहे. निशोत्तर ही रेचक वनस्पती आहे. म्हणून या चूर्णाने पोट साफ होतं आणि पित्त खाली उतरतं; आणि म्हणूनच जुलाब होणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि मधुमेहींनी ते परस्पर घेऊ नये.

हिंग्वाष्टक चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, ओव्याच्या जातीचा अजमोदा, सैंधव, दोन जिरी आणि हिंग. तूप घालून पहिल्या घासाबरोबर घ्यायचं. गुबाऱ्याला छान. जळजळीत घेतलंत तर माझ्या त्या रात्रीसारखी रात्र येईल.

ज्येष्ठमध घशाला आणि पोटाला सुखावतो, पण जास्त मात्रेत किंवा महिनोन्‌महिने घेतला तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नाही.

सूतशेखरासारखे रसकल्प पारा-गंधकाचे असतात. 'सगळे घेतात' म्हणून दुकानातून आणून गिळायचं हे औषध नाही. ते वैद्यांनी द्यायचं, किती दिवस तेही त्यांनीच ठरवायचं.

आणि तुमच्या ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल अशा गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील तर हा लेख वाचून उद्या बंद करू नका. एकदम थांबवल्या तर काही काळ आम्ल उसळून पूर्वीपेक्षा जास्त तयार होतं, आणि माणूस म्हणतो, बघा, आयुर्वेदाने त्रास वाढला. ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांच्याशी बोलून हळूहळू कमी करता येतात. काही आजारांत त्या चालू ठेवाव्याच लागतात.

वैद्यांकडे कधी, आणि काय घेऊन

तीन-चार आठवडे वेळा सांभाळल्या, एकच उपाय नीट केला, तरी फरक नाही, तर घरी प्रयोग वाढवू नका. आठवड्यात चार चूर्णं बदलली की कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. नोंदणीकृत वैद्य गाठा. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरद ऋतूत उसळतं आणि विरेचनाची, म्हणजे औषधाने जुलाब देऊन पित्त काढण्याची, वेळही तीच, म्हणून दरवर्षी त्याच सुमारास त्रास होणाऱ्यांनी आधीच जाऊन विचारलेलं बरं.

जाताना वही न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं न्या, वेदनाशामक आणि 'साधं चूर्ण'सुद्धा. चांगले वैद्य भुकेबद्दल, झोपेबद्दल आणि शौचाबद्दल खोदून विचारतात. तिथे लाजून 'ठीक आहे' म्हणू नका. मी पहिल्यांदा तसंच म्हणालो होतो. वैद्यांनी वहीची पानं उलटली, चारच्या चहावर बोट ठेवलं आणि औषध न देता म्हणाले, पंधरा दिवस हा चहा जेवणानंतर तासाभराने घ्या आणि मग या.